सीमेवरचा चिटणीस

"भावा, खालचे तिन्ही संघ बेल्जियमचेच निघाले तर?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आइंडहोवनला त्याच्या घरी मी दुपारीच उतरलो होतो, अंगात विमानप्रवास मुरला होता आणि नुकता कुठे डोळा लागत होता. दारात चिटणीस उभा. काखेत लॅपटॉप, हातात वही, चेहऱ्यावर साऱ्या बेल्जियमची काळजी.

"निघू देत की," मी म्हणालो.

"निघू देत कसं? आठाचे पाच राहतात. पुढच्या साली आणखी तीन गेले तर दोन. मग बेल्जियमनं काय नुसते बटाटे तळायचे?"

त्याचं खरं नाव राहू दे. पेठेत आम्ही त्याला चिटणीस म्हणायचो, कारण गल्लीतल्या सामन्यांचे ड्रॉ तो पाडायचा. कोल्हापुरात वाढलेल्या पोराला फुटबॉलचा नाद असतोच. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना शाहू स्टेडियमवर असला की बाकीची पोरं भांडायला जायची. हा मात्र वही घेऊन जायचा. गोल झाला की सगळे उड्या मारत आणि हा गोल सरासरी काढत बसे. बॉलला त्याचा पाय लागलेला मी उभ्या जन्मात एकदाच पाहिला, तोही बॉल चुकून त्याच्याकडे आला म्हणून.

आता तो चिपा बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. पगार त्याचा, आयुष्य मात्र 'फुटबॉल मॅनेजर'चं. या खेळात आपण क्लबचा मॅनेजर व्हायचं, खेळाडू घ्यायचे, डावपेच आखायचे. 1992 साली दोन इंग्रज भावांनी हा प्रकार आणला तो 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावानं, 2004 पासून नाव बदललं. जगभर लोक यात रात्र-रात्र जागून आपला क्लब वर आणतात. चिटणीस कुठलाच क्लब घेत नाही. खेळासोबत एक एडिटर मिळतो, त्यात लीगचे नियमच बदलता येतात. तो थेट तिथं शिरतो. लोक पंक्तीला बसायला जातात, हा भटारखान्यात जाऊन पानं कशी मांडायची ते ठरवतो. या खेळाची 2025ची आवृत्ती निघणार नाही असं जाहीर झालं तेव्हा त्यानं सुतक पाळलं, आणि मग 2024च्याच आवृत्तीत संसार चालू ठेवला.

गेली दोन वर्षं त्यानं हाती घेतलेलं राष्ट्रकार्य, खरं तर द्विराष्ट्रकार्य, म्हणजे हॉलंड आणि बेल्जियमची एकत्र लीग. कल्पना त्याची नाही. बायकांच्या फुटबॉलमध्ये 2012 ते 2015 अशी तीन वर्षं ती खरोखर चालली. पुरुषांसाठी 2021च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या व्यावसायिक क्लबांनी एकमुखानं तत्त्वतः होकारही दिला होता. पुढं काही झालं नाही. तत्त्वतः होकार म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. पण चिटणीसाला वाटलं, आता हे आपल्यालाच निस्तरायला हवं.

म्हणून 18 संघ: दहा डच, आठ बेल्जियन. इथपर्यंत सोपं. पुढं एकेक गाठ. डच मंडळी सरळ: 18 संघ, 34 सामने, ज्याचे गुण जास्त तो राजा. बेल्जियमनं 2009-10 साली भलतीच रीत काढली. नेहमीच्या फेऱ्या संपल्या की वरच्या सहा संघांचे गुण निम्मे करायचे आणि त्या सहांना पुन्हा आपसात खेळवायचं. निम्मे करताना अर्धा गुण उरला तर वरचा पूर्ण आकडा धरायचा. वर्षभर घाम गाळून जमवलेले गुण मार्चमध्ये निम्मे! ही युक्ती आमच्या शाळेला सुचली नाही हे नशीब. चिटणीस तीन आठवडे या अर्ध्या गुणावर अडला होता. "रात्री झोपेत 'साडेबावीस, साडेबावीस' म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं भाजीचा हिशेब."

मग चॅम्पियन कोण? युरोपच्या स्पर्धांत जागा मिळतात त्या देशागणिक. लीग एक आणि देश दोन, तर तिकीट कुणाच्या नावावर फाडायचं? बायकांच्या लीगनं तोड काढली होती: पहिली येईल ती लीगची विजेती, आणि प्रत्येक देशाची जी सगळ्यांत वर, ती त्या देशाची चॅम्पियन. ही तोड सांगताना चिटणीसाचा गळा दाटतो. फादुझ हा क्लब लिख्टेनश्टाइनचा असून स्विस लीगमध्ये खेळतो, डेरी उत्तर आयर्लंडमधलं असून 1985 पासून आयर्लंडच्या लीगमध्ये आहे, हे तो घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी सांगतो.

रविवारी त्यानं मला बार्लेला नेलं. दोन देशांची सरहद्द तिथं घरांतून, दुकानांतून जाते. बेल्जियमचे 22 तुकडे हॉलंडच्या पोटात सांडलेत. पुढचं दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं, असा तिथला रिवाज. रस्त्यावर आखलेल्या रेघेवर चिटणीस एक पाय इकडं, एक तिकडं ठेवून उभा राहिला. पंढरपुरात लोक उभे राहतात तसा.

"कोल्हापूर-बेळगाव लीग का नाही करत?" मी सहज विचारलं.

"केली होती सुरू," तो म्हणाला. "पहिल्याच रकान्यात गावाचं नाव लिहायचं होतं. बेळगाव लिहू की बेळगावी? बंद केली फाइल."

तर त्या रात्री, तीन बेल्जियन संघांच्या प्रश्नावर, त्यानं मला उठवून बसवलं आणि आम्ही पहाटे दोनपर्यंत कलम चौदा लिहिलं. म्हणजे त्यानं लिहिलं, मी हूं म्हणालो. उपकलमं सहा. तळाचा डच संघ, खालच्या वर्गातला बेल्जियन विजेता, दोन सामन्यांची लढत, बरोबरी झाल्यास तटस्थ मैदान. एवढं झाल्यावर त्यानं मॅनेजरला 20 वर्षांच्या 'हॉलिडे'वर पाठवलं. म्हणजे आपण झोपायचं आणि यंत्रानं एकटंच हंगामामागून हंगाम खेळत राहायचं. त्यात जुने खेळाडू निवृत्त होतात आणि यंत्र नवी पोरं जन्माला घालतं. सकाळी उठेपर्यंत मैदानावर सगळी अशीच, कुठल्याही आईनं न पाहिलेली पोरं.

सकाळी मी बाहेर आलो तर चिटणीस लॅपटॉपसमोर सुन्न.

"बंद पडली?"

"नाही. छान चालली. 20 हंगाम. तक्रार नाही, गोंधळ नाही."

"मग?"

"तिन्ही बेल्जियन एकदाही उतरले नाहीत." त्यानं वही माझ्यापुढं सरकवली. "कलम चौदा वापरायची वेळच आली नाही, भावा."

वहिनींनी आतून विचारलं, "अहो, पोहे टाकू का?" उत्तर आलं नाही. चिटणीसानं पुन्हा एडिटर उघडला होता आणि बेल्जियमच्या तीन गरीब क्लबांच्या खजिन्यातून तो एकेक शून्य काढत होता.