भिंतीवरचं ऊन

नाशिकमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की गोदेच्या पुराचं माप आजही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरूनच निघतं. कमरेपर्यंत आलं, गळ्याशी आलं, एवढ्यावर सराफ बाजार सावध होतो. अशा मागास शहरात घरोघरी शोभेचं हवामानयंत्र हवंच. सागवानी चौकट, आत ईएसपी32 ची चिप, पुढे ई-पेपरचा पडदा. ही चिप दर पंधरा मिनिटांनी वायफायवरून दूरदेशीच्या सर्व्हरला विचारते, आमच्या गॅलरीत पाऊस आहे का?

कोणी म्हणेल, खिडकीबाहेर हात काढला तरी कळतं. कळतं, पण हाताला दशांश चिन्ह नसतं. शिवाय हाताला लागतो तो फक्त आपल्या गल्लीचा पाऊस. सर्व्हरच्या नकाशातला एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा, त्यामुळे चार गल्ल्या पलीकडची सरही आपल्या नावावर जमा होते. दुसरा आक्षेप विजेचा. तो तर अगदीच अडाणी. वीज गेली तरी ई-पेपर शेवटचं चित्र सोडत नाही. तारा तुटोत, पत्रे उडोत, भिंतीवर सकाळचं ऊन कायम. एवढा खंबीरपणा मारुतीकडेही नाही. पाणी गळ्याशी आलं की तो निमूट कबूल करतो.

तेव्हा पुढची पायरी उघड आहे. मारुतीच्या एका तोंडासमोर हा पडदा बसवावा. तोंडं दोन आहेतच. एकाने पूर मोजावा, दुसऱ्याने ‘आकाश निरभ्र’ सांगावं. सराफ बाजाराने कोणत्या तोंडाचं ऐकायचं, ते ज्याच्या त्याच्या वायफायवर.