नसलेले पुणे कसे बघावे

खासगी गाईड घेऊन पेठांतून पायी फिरू इच्छिणाऱ्यांसाठी

ऐतिहासिक शहरात गाईड कशाला लागतो, याबद्दल लोकांच्या मनात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते, गाईड शहर दाखवतो. जे आहे ते दाखवायला माणूस कशाला? डोळे आहेत, पाटी आहे, खिशात मोबाइल आहे. गाईड लागतो तो जे नाही ते दाखवायला. या कसोटीवर पुण्याच्या जवळपास फिरकेल असे शहर सापडणे अवघड. आग्र्याला ताजमहाल ढळढळीत उभा असतो आणि गाईड मध्ये मध्ये येतो. पुण्यात गाईड नसेल, तर तुम्ही दीड-दोन तास इतिहासावरून चालत जाल आणि तुम्हाला फक्त स्कूटरी दिसतील.

म्हणून नसलेल्या वस्तू बघण्याची पूर्वतयारी करूनच फेरीला निघावे.

पहिला प्रश्न, फेरी सार्वजनिक घ्यावी की खासगी? सार्वजनिक फेरीत वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांतला एक हौशी गृहस्थ पुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने माना डोलावतो आणि बाकीच्यांना मागे उभे राहून जांभया देता येतात. खासगी फेरीत ती सोय नाही. गाईड एक आणि तुम्ही एक. त्याने सन सांगितला की हुंकार तुम्हीच भरायचा. “अच्छा”, “अरे वा” आणि “बापरे” असे तीन हुंकार घरून तयार करून न्यावेत आणि आलटून-पालटून वापरावेत. “हो का?” मात्र टाळावे. पुण्यात “हो का?” म्हणजे पुरावा मागणे, आणि मागितलेला पुरावा इथे दिला जातो.

खासगी फेरी फार काळ खासगी राहत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ठरवताना तुम्ही दोघे असता. आदल्या रात्री ठाण्याचे मेहुणे “आम्हीही आलो असतो” म्हणतात आणि सकाळी चार मुले, एक आत्या आणि आत्यांची पाण्याची बाटली यांसह हजर होतात. तेव्हा दर माणशी की सगळ्यांचा मिळून, हे आधी विचारून घ्यावे. वेळ सकाळी सातची घ्यावी. नऊनंतर बुधवार पेठेत थांबून वर बघणारा माणूस फार वेळ उभा राहत नाही. पायांत सहज निघणारी चप्पल असावी. नाडीचे बूट घातल्यास दर शंभर पावलांवर देऊळ येते आणि दर देवळाशी आत्या तुमच्यासाठी खोळंबतात.

फेरी बहुधा शनिवारवाड्यापासून सुरू होते. नसलेल्या वास्तूचा श्रीगणेशा करायला याहून चांगली जागा नाही. दिल्ली दरवाजाच्या दारांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. ते खरोखरच आहेत, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवू नये. फोटो काढावा आणि आत जावे. आत हिरवळ आहे, जोती आहेत आणि मोकळे आकाश आहे. इथे गाईड एक दीर्घ श्वास घेईल आणि म्हणेल, “सर, आता कल्पना करा.”

हा फेरीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण. “कल्पना करा” म्हटल्यावर डोळे किंचित बारीक करावेत आणि मान वर न्यावी. वाडा सात मजली होता असे सांगतात, तेव्हा मान सात मजल्यांइतकी वर गेली पाहिजे. तीन मजल्यांवर थांबलेली मान गाईडच्या लगेच लक्षात येते. 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली, खर्च आला 16,110 रुपये. या आकड्यावर गाईड मुद्दाम थांबतो. त्याला तुमच्याकडून एक सुस्कारा आणि “आता एवढ्यात पार्किंगसुद्धा येत नाही” हे वाक्य हवे असते. ते द्यावे. पुढची माहिती त्याशिवाय सुटत नाही.

ती अशी: 17 नोव्हेंबर 1817 ला वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पेशव्यांच्या दिवाणखान्यांत मग इंग्रजांनी तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांची सोय केली. 27 फेब्रुवारी 1828 ला आग लागली आणि वाडा आठवडाभर जळत राहिला. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, वरचा नगारखाना आणि तुमच्यासमोरची जोती. आग कशी लागली असे विचारू नये. हजारी कारंज्याला तोट्या नक्की किती, हेही विचारू नये. ज्यांना 2015 च्या सिनेमातला आरसे महाल बघायचा असेल, त्यांनी तो घरी पडद्यावरच बघावा. तो सेट होता. आरसे महाल या वाड्यातही होता म्हणतात, पण तो बघायला पुन्हा मानच वर करावी लागेल.

नारायणरावांच्या खुनाची जागा आली की मेहुण्यांची मुले अचानक इतिहासात रस घेतात. 30 ऑगस्ट 1773, गारदी, “काका, मला वाचवा”, आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी हाक. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्टही इथेच होते. तो खाडाखोडीचा कागद बघायला मागू नये. कागदही वाड्यासारखाच, डोळे बारीक करून बघायचा. हाकेबद्दल सांगायचे तर रात्री वाडा बंद असतो आणि शेजारच्या रस्त्यावरचा हॉर्न पौर्णिमा-अमावास्या पाळत नाही.

इथवर येईपर्यंत तुम्हाला दुसरा गाईड मिळालेला असेल. तो फुकट असतो. हातात दुधाची पिशवी, पायजमा, वय सत्तरीच्या पुढे. तुमच्या गाईडने “या बाजूला...” म्हणताच ते मागून म्हणतात, “या नाही, त्या बाजूला. अहो, चुकीचं सांगू नका पाहुण्यांना.” खासगी फेरीचे खरे संकट हे. सार्वजनिक फेरीत असल्या वादात बहुमत काढता येते, इथे न्यायनिवाडा तुमच्या एकट्यावर येतो. गाईडची बाजू घेतली तर काका तुमचे आडनाव विचारतात, काकांची घेतली तर गाईड उरलेली फेरी पाऊण तासात उरकतो. अनुभवी लोक अशा वेळी “काका, तुमचं बालपण याच पेठेत गेलं का?” असे विचारतात. काका पानशेतच्या पुराकडे वळतात. 12 जुलै 1961 ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते, ते दाखवतात. ती पायरीही आता नसते, पण काकांची बोटे बरोबर तिथेच जातात. मला विचाराल तर या वीस मिनिटांचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही. काका घेणार नाहीत, हा भाग वेगळा.

लाल महाल लवकर आटपतो. शाहिस्तेखानाची बोटे 1663 च्या एप्रिलमध्ये गेली तो महाल आता नाही. समोर दिसतो तो महापालिकेने 1980 च्या दशकात बांधलेला आहे. म्हणजे इथे नसलेल्या वास्तूच्या जागी असलेली वास्तू आहे, आणि नवशिके नेमके इथे गोंधळतात. त्यांना आता डोळे उघडे ठेवून नसलेले बघायचे असते. जमत नसेल तर कसबा गणपतीला नमस्कार करून पुढे निघावे. तो ग्रामदैवत आहे आणि जागेवर आहे.

भिडे वाड्यापाशी मात्र थांबा, आणि जरा वेळ थांबा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. समोर दगडूशेठ गणपती. दर्शनाची गर्दी तिकडे तोंड करून उभी असते, मोबाइलही तिकडेच वळलेले असतात. वाडा जीर्ण होऊन वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत अडकला आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. म्हणजे वाडा होता तेव्हा कोणी वर बघितले नाही, आणि आता गाईड बोट करून दाखवतो तेव्हा सगळे बघतात. इथे हुंकार भरू नये. आत्यांना विचारावे, त्यांच्या आजीला सही करता येत होती का. आत्या पुढचे सांगतील, आणि ते गाईडलाही माहीत नसेल.

आता देव. पुण्यातल्या देवांच्या नावांवर हसणे हा फेरीचा ठरलेला कार्यक्रम आहे आणि गाईडने त्यासाठी जागा राखलेली असते. तरी त्यातले शास्त्र समजून घ्यावे. देव जागच्या जागी आहे, नाहीसे झाले आहे ते त्याच्या नावातले. निवडुंग्या विठोबाजवळ निवडुंग नाही. पासोड्या विठोबापाशी पासोड्यांचा बाजार नाही. जिलब्या मारुतीच्या गळ्यातली जिलब्यांची माळ कोणा हलवायाने घातली म्हणतात, तो हलवाई नाही. मोदी गणपतीची बाग ज्या खुश्रू मोदींची, ते तर दोनशे वर्षांमागे गेले. डुल्या मारुती पानिपताच्या वेळी डुलला म्हणतात, आता स्थिर आहे. उपाशी विठोबाच्या दारातून निघताना आत्यांना भूक लागते, ही मात्र आजही अनुभवाला येणारी गोष्ट आहे. नाश्ता इथेच उरकावा. मिसळ कुठली चांगली, हे गाईडला विचारू नये, काकांनाही नाही. पुण्यात लोक एक वेळ इतिहासावर तडजोड करतील, मिसळीवर नाही.

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड्या गणपतीपाशी सगळे नियम उलटतात. तिथे सगळे आहे. तीन सोंडांची, मोरावर बसलेली मूर्ती, संस्कृत आणि फारसी शिलालेख, आणि दर्शनी भिंतीवर कोरलेला एक गेंडा, ज्याला गोरे शिपाई साखळदंडाने बांधत आहेत. अठराव्या शतकात बांधलेल्या पुण्याच्या देवळावर गेंडा कशासाठी? इंग्रजांनी बंगाल-आसाम घशात घातला त्याची ही खूण, असा अर्थ लावतात. गेंडा पुण्यात कधीच नव्हता, म्हणजे इथेही एक नसलेली वस्तू निघालीच. या भिंतीसाठी मी बाकीची फेरी सोडायला तयार आहे. अडचण एवढीच की देऊळ आडबाजूला आहे, आणि पुष्कळशा फेऱ्या तिथवर पोचायच्या आत मेहुणे तुळशीबागेकडे वळतात.

तुळशीबागेत राममंदिर आहे. तुम्हाला ते दिसणार नाही, कारण तुमच्याबरोबरच्यांना दुसरेच काही दिसलेले असते. तिथे अर्धा तास धरून चालावा. तोवर तुम्ही गाईडला घेऊन मंडई गाठावी. 1886 मधली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाई. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घालवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे इमारतीला नाव दिले महात्मा फुले मंडई. यावर गाईड काही बोलत नाही, फक्त तुमच्याकडे बघतो. तुम्हीही काही बोलू नका आणि अर्धा किलो वांगी घ्या.

मस्तानीचा महाल बघायचा तर कोथरूडला जाऊ नये. दिनकर केळकरांनी तो तिथून हलवून शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात उभा केला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाचे हे संग्रहालय. इथे अडकित्ते, दिवे, दौती असे इतके काही ‘असलेले’ आहे की आतापर्यंत सराव झालेले डोळे बावचळतात. हळूहळू बघावे.

शेवटी पायांखाली बघण्याचा धडा. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावातून पाणी आणले. जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर ते वाड्यांत आणि पेठांतल्या हौदांत खेळवले. त्या नळांतली हवा सुटायला ठिकठिकाणी बांधलेल्या मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणतात. त्याच नानासाहेबांनी आंबील ओढा वळवून दुसरीकडे घातला. म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे ओढा नाही आणि खाली नळ आहे, पण दिसत नाहीत दोन्ही. इथे हुंकार आपोआप निघतो, तयार करून नेलेला वापरावा लागत नाही.

पैसे ठरल्याप्रमाणे आणि रोख द्यावेत. घासाघीस करू नये. त्याने तुम्हाला एक वाडा सात मजल्यांपर्यंत चढवून दाखवला, एक शाळा दाखवली, एक ओढा दाखवला, आणि यांतले काहीच त्याच्याजवळ नव्हते. मेहुण्यांचा हिस्सा त्यांच्याकडून त्याच दिवशी वसूल करावा, ठाण्याला पोचल्यावर तोही नसलेल्या वस्तूंत जमा होतो.

विश्रामबाग वाड्याचा काही भाग 1879 च्या आगीत जळला होता. लोकांनी वर्गणी काढून आणि नगरपालिकेने हात लावून तो पुन्हा उभा केला, म्हणून त्याचे कोरीव लाकडी खांब आज बाजीराव रस्त्यावरून दिसतात. नाना वाडाही उभा आहे, त्रिशुंड्याचा गेंडाही आहे. या तिन्हींना गाईड लागत नाही. येत्या रविवारी आपले आपण जाऊन बघून या, आणि जाताना आत्यांना घेऊन जा.