अविश्वासाचे स्वावलंबन

३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेले बिटकॉइन हे कोणत्याही बँकेवर विश्वास न ठेवता चालणारे आभासी चलन असून, त्याचा खरा निष्ठावान उपासक 'बिटकॉइन कोअर' हा प्रोग्राम आयता उतरवून घेत नाही, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी मूळ आज्ञावली, आणून घरच्या डेस्कटॉपवर कंपाइल करतो, अर्थात यंत्राला कळेल अशा रूपात बदलून घेतो. ही सावधगिरी सर्वथा अनुकरणीय होय. मात्र संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिल्याप्रमाणे खुद्द हे रूपांतर करणारा कंपाइलरही लबाड असू शकत असल्याने, पानमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निमगाव केतकीतील साधकाने कंपाइलर स्वहस्ते लिहावा, प्रोसेसर घरीच घडवावा आणि त्यासाठीचे सिलिकॉन नीरा नदीच्या वाळूतून, अर्थात महसूल खात्याचा परवाना काढून, स्वतः मिळवावे, हेच शास्त्रशुद्ध ठरते. (विजेबाबत शास्त्र मौन बाळगते.) कोडच्या हजारो ओळींपैकी एकही न वाचता कंपाइल करण्याची प्रथा रूढ असली, तरी त्याने अविश्वासाचे पावित्र्य भंगत नाही. एवढे करून बिटकॉइनमधून नफा झालाच, तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के आयकर लागतो, आणि तो रुपयांतच, बँकेमार्फत भरावा लागतो.