मोफत दवाखान्यातील उन्हाळी उमेदवारी : काही उपयुक्त सूचना

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आटोपताच मानवजातीच्या सेवेची अनावर इच्छा ज्यांच्या ठायी उत्पन्न होते, आणि त्या इच्छेपायी जे मे महिन्याच्या उन्हात घणसोली स्थानकावर उतरून, उंच इमारतींकडे न वळता, गावठाणातील गल्लीबोळांतून मोफत दवाखान्याचा पत्ता विचारीत येतात, त्या विद्यार्थ्यांच्या हितार्थ हे चार शब्द. पांढरा कोट घरीच ठेवावा. तो अंगावर असता अर्धी रांग आपल्याभोवती गोळा होऊन 'सुई' मागू लागते, आणि सुई टोचण्याचा अधिकार निव्वळ कळवळ्याने प्राप्त होत नाही.

रुजू होताच उमेदवाराच्या हाती केसपेपरांचा गठ्ठा येतो. नावाचा रकाना सोपा. वयाच्या रकान्यापाशी मात्र विद्वत्तेची कसोटी लागते. कारण गावातील एखाद्या आजींना वय विचारावे, तर 'लिव तुज्या मनानं, बाला' एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी इतिहासाचा आश्रय करावा. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यानंतर भातखाचरे संपादनात गेली, तेव्हा आजी परकरात होत्या की कडेवर मूल होते, असे अदबीने विचारल्यास वय पाचसात वर्षांच्या फरकाने निश्चित होते. मात्र त्याच ओघात गेलेल्या शेताची चतुःसीमा, खाडीची मासळी, संपादनाच्या मोबदल्यातील साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे त्रांगडे आणि भावाभावांतील दावा हे सर्व ऐकून घेण्याची तयारी असावी. सरकारी कागदात त्यास रकाना नाही, ही कागदाची उणीव होय. पत्त्याबद्दल फार खोलात शिरू नये. औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा परप्रांतीय भाडेकरू घरमालकाचे नाव सांगतो, तेच लिहावे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णास पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे मौन बसवावे, असे शास्त्रवचन आहे. पाठ टेकण्याजोगी खुर्ची बहुधा एकच असते व तीवर डॉक्टर बसलेले असतात. मौनाविषयी तर बोलणेच नको; ज्या रांगेत तीन वाड्यांतील सुनांची खबरबात चालली आहे, तेथे पाच मिनिटांची शांतता ही पालिकेच्या पाण्याच्या वेळेइतकी दैवाधीन गोष्ट आहे. तरीही आकडा १४०/९० च्या वर दिसल्यास घाबरून ओरडू नये. थोड्या वेळाने पुन्हा मोजावा.

खरा कस 'तक्रार' या रकान्यात लागतो. पाळी संपवून आलेला कामगार 'अंग दुखते' म्हणतो. उमेदवार 'अंगदुखी' लिहून पुढच्याला हाक मारतो, आणि येथेच अनर्थ होतो. वास्तविक तो बोलता बोलता चारदा खोकलेला असतो. किती दिवस, असे विचारले तर 'सवयीचाच आहे' म्हणेल. तेव्हा पगार कधी झाला, गावाहून कधी परतलात, अशा आडवळणाने शिरावे. दोन आठवडे वा अधिक खोकला निघाला, की क्षयाच्या शंकेपोटी बेडका तपासणीस पाठविण्यासाठी त्यास डॉक्टरांपुढे उभे करावे. हे काम पदवीवाचून अडत नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायकांना, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले, हे ज्यास ठाऊक आहे त्याने आपल्या टक्केवारीचा उल्लेख दवाखान्यात टाळावा.

प्रमाणपत्राचा अर्ज शेवटच्या आठवड्यात, शिक्का मारणारे गृहस्थ रजेवर जाण्यापूर्वी, द्यावा. मात्र क्षयाचे औषध सामान्यतः सहा महिने चालते आणि आपले महाविद्यालय जूनमध्ये उघडते. तस्मात् ज्यांच्या गोळ्या आपल्या देखत सुरू झाल्या, त्यांची नावे, घरमालकांच्या नावांसह, गावच्या आरोग्यसेविका आशाताईंच्या वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून द्यावीत, आणि त्या 'हे तर माझ्याकडे आधीच आहे' म्हणाल्या, तर मुकाट्याने वही मिटावी.