तळटीपांमधली विलायत

इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्याला इंग्लंड भेटतं ते पानाच्या तळाशी. वर कादंबरी किंवा नाटक चाललेलं असतं. माणसं प्रेमात पडत असतात, राज्यं घालवत असतात, भर पावसात माळरानावर भटकत असतात. खाली बारीक टायपात मात्र निराळाच संसार थाटलेला असतो. नायक ज्या गाडीतून उतरला तिला किती घोडे जुंपत, नायिकेचा मामा लंडनच्या ज्या भागात राहतो तिथे राहणं कमीपणाचं का मानत, पाद्रीबोवांचं पोट कशावर चालत असे, हे सगळं तिथे. वरचं पुस्तक परीक्षेनंतर विसरतं. खालची टीप जन्मभर लक्षात राहते.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात हा वर्ग दुपारी भरतो, कारण सकाळी खोल्या बी.कॉम.च्या ताब्यात असतात. मुलं सगळ्या तऱ्हेची. कोणी शाळेत शिक्षक आहे, कोणी स्पर्धा परीक्षेच्या जोडीला 'असू द्या एक डिग्री' म्हणून आलेला, एखादीचं लग्न ठरेपर्यंतचं एम.ए. वरच्या पंख्याचा आवाज इतका की शेक्सपिअरला स्वगतसुद्धा ओरडून म्हणावं लागेल.

आमच्या अभ्यासक्रमात कित्येक वर्षं इंग्रजी साहित्याचे दोन मोठे पेपर होते. १५५० ते १८३२ एक, १८३२ पासून पुढे दुसरा. १८३२ का? त्या साली वॉल्टर स्कॉट वारला आणि पार्लमेंटनं मतदानाचा सुधारणा कायदा मंजूर केला. मुलांची समजूत मात्र अशी की त्या वर्षी इंग्लंडात कोणी तरी घंटा दिली आणि सुपरवायझरनं सगळ्यांच्या उत्तरपत्रिका गोळा केल्या. वर्ड्‌स्वर्थ १८५० पर्यंत जगला हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग तो दोन्ही पेपरांना येतो का?" प्रश्न हसण्यासारखा वाटला तरी समीक्षक त्यावर फार काळ भांडलेले आहेत. उतारवयातला वर्ड्‌स्वर्थ ऑप्शनला टाकावा, असं पुष्कळ विद्वानांचंही मत आहे.

हिशेबाचं प्रकरण मुलांना सर्वांत आवडतं. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आणि एकवीस शिलिंगांची गिनी. गिनीचं नाणं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच चलनातून गेलं, पण डॉक्टर-वकिलांची फी पुढे कितीतरी वर्षं गिनीतच सांगितली जाई, कारण पौंडात पैसे मागणं जरा दुकानदारासारखं दिसतं. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडनं बारा-वीसची ही भानगड मोडीत काढली आणि शंभर पेन्सांचा पौंड केला. आमच्या वर्गात ती अजून चालू आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा, तुझ्या वाट्याला पुढे येणार ते चार टक्क्यांचे हजार पौंड, हेही ऐकवून ठेवतो. बिनमोबाइलचा हिशेब पुढच्या बाकावर तयार : वर्षाला चाळीस पौंड. त्यावर नायक डार्सीचं वर्षाचं उत्पन्न दहा हजार. वर्गात जी शांतता पसरते ती मी रसग्रहणाच्या तासाला कधी ऐकलेली नाही.

त्याच कादंबरीतला 'एन्टेल' समजावताना पूर्वी मला दोन तास लागत. इस्टेट पुढच्या पुरुष वारसालाच जाणार असं कागद करून ठेवलेलं, म्हणून एलिझाबेथचे वडील बेनेटसाहेब यांच्या पाचही मुली घराबाहेर आणि दूरचा नातेवाईक कॉलिन्स मालक. टीप अर्ध्या पानाची, कायद्याची भाषा, मुलं जांभया देताहेत. एकदा सांगोल्याकडची एक मुलगी उठून म्हणाली, "म्हणजे सातबारा बापाच्या नावावर, पण इतर हक्कात चुलत्याच्या पोराचं नाव आधीच चढलेलं." त्या दिवसापासून माझे दोन तास वाचले. मी आपलं टिपेला धरून म्हटलं, की तिकडे अशा जमिनीत मुलींना हिस्साच मिळत नसे. ती म्हणाली, "आम्हाला आहे ना मॅडम, कायद्यानं, भावाइतका. आम्ही नंतर भावाला हक्कसोड लिहून देतो." मुली खळखळून हसल्या. मुलं वहीत काही तरी महत्त्वाचं लिहू लागली. जेन ऑस्टिननं हे वाक्य फुकट घेतलं असतं.

पाद्रीबोवांची उतरंडही अशीच. रेक्टर आमच्या मुलांना ठाऊक असतो तो होस्टेलचा, रात्री दहाला गेट लावणारा. विलायतेतल्या रेक्टरला गावच्या उत्पन्नाचा दशांश मिळे, धान्य-गवतासकट. व्हिकरला बहुधा किरकोळ जिनसांवरचाच, आणि क्युरेट बिचारा पगारावर राबणार. ट्रॉलप वाचायचा तर ही तीन दुकानं वेगळी ओळखता आली पाहिजेत. पूर्णवेळ, तात्पुरता आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक एकाच स्टाफरूममध्ये बसलेले रोज पाहणाऱ्या मुलांना त्याकरता टीप लागत नाही, हे मला उशिरा कळलं.

या टिपांची कूळकथा मला कादंबऱ्यांपेक्षा कमी मजेदार वाटत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि तिथल्या पदवीला इंग्रजी सुटत नसे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला १८९४ च्या सुमारास, आणि केंब्रिजमध्ये स्वतंत्र ट्रायपॉस आली १९१७ साली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ पासून इंग्रजीचा प्राध्यापक होता, हे न्यायाला धरून सांगितलं पाहिजे; पण जुन्या, मानाच्या विद्यापीठांत ग्रीक-लॅटिन शिकायचं आणि आपल्या भाषेतली नाटकं-कादंबऱ्या सुट्टीत लोळून वाचायच्या, अशी सभ्य माणसाची रीत. त्यात परीक्षा कसली घ्यायची? ती आमच्यासाठी राखून ठेवलेली. गौरी विश्वनाथन यांचं १९८९ चं 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' हे पुस्तक याच गोष्टीची नीट चौकशी करतं : इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून साहेबाच्या घरच्यापेक्षा आधी आमच्याकडे जमला.

परीक्षा म्हटली की टिपा आल्याच. आग्रा कॉलेजचे एके काळचे प्राचार्य के. डायटन यांनी शेक्सपिअरची नाटकं मॅकमिलन कंपनीसाठी टिपांसकट सजवून दिली. टिळक-आगरकर ज्या डेक्कन कॉलेजात शिकले तिथले सेल्बीसाहेब बेकनच्या निबंधांना टिपा लिहीत होते. खुद्द कवी वर्ड्‌स्वर्थचा नातू, आजोबांच्याच नावाचा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राचार्य होता. त्याच्या वर्गातल्या पोरांना आजोबांच्या कवितेचा अर्थ अडला तर नातवालाच विचारायची सोय. विचारला असेल का कोणी? आपली मुलं असलं काही विचारत नाहीत. परीक्षेला येणार का, एवढंच विचारतात.

हवामानाचा उपद्रव सर्वांत मोठा. उन्हाळ्याच्या दिवसाची प्रिय व्यक्तीला उपमा देऊ का, असा विचार करणारं शेक्सपिअरचं सुनीत मी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शिकवते, कारण पोर्शन तेव्हाच तिथवर पोचतो. बेचाळीस अंशांत, घामानं चिकटलेल्या वहीवर, मुलं लिहून घेतात की तिकडे उन्हाळा सुखद असतो आणि मे महिना कोवळा. शेक्सपिअरच्या वेळी इंग्लंडचं पंचांग युरोपातल्या नव्या पंचांगाच्या दहा दिवस मागे चालत असे, म्हणून त्याचा मे आजच्या जूनपर्यंत सरकतो, ही टीप मी मुद्दाम सांगते. विश्वास कोणाचाच बसत नाही. पण लिहून सगळे घेतात.

मध्ये प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचं, नेट-सेट नावाचं एक वादळ येतं आणि साहित्य चार पर्यायांत मावायला लागतं. या चार नाटकांची कालानुक्रमे मांडणी करा. ही पात्रं त्या कादंबऱ्यांशी जुळवा. पाच वर्षं सुंदर वाचलेली मुलगी तिथे अडखळते, आणि एकही नाटक न उघडलेला गाइडबहाद्दर पार होतो. तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याला नोकरी हवी आहे. सिद्धान्ताच्या पेपरात फुको-देरिदा येतात तेव्हा तर टीप वर चढते आणि मूळ मजकूर खाली जाऊन बसतो. तो पेपर मी सहकाऱ्याला दिला आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडचं एम.ए. करायला गेली. एका वर्षात उरकतात तिकडे. आम्ही तेच दोन वर्षं पुरवतो. तिचा फोन आला तेव्हा पोरगी हैराण होती. चर्चेच्या तासाला वर्गातले इंग्रज टिपा वाचतच नाहीत म्हणे, कारण पुस्तक त्यांच्या घरचं आहे. मायकलमस कधी येतो यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. २९ सप्टेंबर, भाडं भरायचा दिवस, हे हिनं सांगितलं. तसाच दुसरा भाडेदिवस २५ मार्चचा. १७५२ साली पंचांग बदलताना अकरा दिवस गळले, पुढे १८०० सालाचा आणखी एक हिशेबात धरला, म्हणून तो दिवस पुढे सरकत त्यांचं आयकराचं वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, हेही तिनं ऐकवलं. घरमालकीण अकाउंट्सची कामं करते. तिला हे नवीन होतं. २०२२ मध्ये शेफील्ड हॅलम विद्यापीठानं इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवीच स्थगित केली, ही बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा एकानं काळजीनं विचारलं, "मग आता त्यांचं कोण वाचणार?" मी वर्गाकडे पाहिलं. प्रवेशाच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

डिकन्सचं 'ब्लीक हाउस' मात्र कोणी वाचत नाही. ऐंशीच्या आसपास पानं झाली की मुलं गाइडकडे वळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. चॅन्सरी कोर्टाच्या धुक्यात हरवलेला वारसाहक्काचा दावा, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला, आणि त्यातले असंख्य फुटकळ कारकून. मागे एका मुलानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सकाळभर एका वकिलांकडे टायपिंग करणारा, दुपारी उशिरा येणारा, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा. टीप एकाही ठिकाणी अडली नाही म्हणाला. स्थगिती, कैफियत, नक्कल, सगळं ओळखीचं. शेवटी दावा संपतो तेव्हा कळतं की सगळी इस्टेट कोर्टखर्चातच खलास झालेली आहे. ते त्याला पटलं नव्हतं. वही छातीशी धरून तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, इथं डिकन्स चुकलाय. एवढा खर्च शेवटी एकदम कसा निघेल? आमचे वकीलसाहेब प्रत्येक तारखेलाच घेतात."