सुसज्ज गृहस्थ

टेक्सासातल्या कुठल्याही उपनगरात हे गृहस्थ भेटतात. वय पन्नाशीपुढचं, दारात उंच पिकअप, अंगणात काटेकोर कापलेलं गवत आणि मनात कायम मुक्कामाला असलेला एक चोर. हा चोर अजून आलेला नाही. पण त्याच्यासाठी चाललेली तयारी पाहता आता त्याने न येणं हा उद्धटपणाच ठरेल.

तयारी म्हणजे पंप-अ‍ॅक्शन शॉटगन. नळीखालची मूठ मागेपुढे ओढायची, काडतूस चढतं. यात दोन पंथ आहेत. एक 1950 सालापासून चालत आलेल्या रेमिंग्टन 870 चा, दुसरा मॉसबर्ग 500 चा. रेमिंग्टनचा सेफ्टीचा खटका चापामागे, मॉसबर्गचा वर, अंगठ्याखाली. एवढ्या फरकावर हे गृहस्थ बार्बेक्यूचं मांस करपेपर्यंत बोलू शकतात. ते स्वतः रेमिंग्टनवाले. 2018 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली, तेव्हा घरात दोनदा सुतक पाळलं गेलं.

बंदूक आणली त्या दिवशी ती परिपूर्ण होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात उणिवा दिसू लागल्या. शिकारीची लांब नळी काढून साडेअठरा इंचांची बसवली. अठराच्या खाली गेलं तर 1934 चा केंद्रीय कायदा आडवा येतो. म्हणून अर्धा इंच कायद्याच्या आदराखातर. मग दिवा आला, जास्त काडतुसं मावणारी नळकांडी आली, दस्त्याला धक्का सोसणारं रबर आलं, कुशीला काडतुसांची पट्टी आली. शेवटी हात भाजू नये म्हणून नळीवर भोकाभोकांचं पत्र्याचं कवच चढलं. ह्यांची नळी आजवर तापली ती फक्त गाडीत उन्हात राहिल्यामुळे! नवा पाहुणा आला की हे सगळं साहित्य जेवणाच्या टेबलावर रुखवतासारखं मांडलं जातं. मूळची तीन-सव्वातीन किलोंची बंदूक आता उचलायची तर आधी कंबरेचा पट्टा शोधावा लागतो.

गृहस्थांची दोन तत्त्वं आहेत. पहिलं : पंपाचा ‘खट्याक्-खट्याक्’ आवाज ऐकूनच चोर पळतो. यावर पत्नीचं म्हणणं, “मग नुसता आवाज टेप करून ठेव. स्वस्त पडेल.” दुसरं : शॉटगनला नेम धरावा लागत नाही. प्रत्यक्षात खोलीभर अंतरात छर्रे जेमतेम तळहाताएवढे पसरतात. शिवाय बकशॉटचे जाड छर्रे जिप्समच्या भिंतीतून आरपार जातात आणि भिंतीपलीकडे मुलं झोपलेली असतात. जो बायडन उपाध्यक्ष असताना, 2013 साली म्हणाले होते की संकट आलं तर बाल्कनीतून दुनळीचे दोन बार काढ, असं मी बायकोला सांगून ठेवलंय. गृहस्थ खवळले. “दुनळी? आणि तिला दिवा कुठे बसवणार?”

शेजारी राहायला आलेल्या पुण्याच्या संगणक अभियंत्याने हे सारं शांतपणे ऐकलं आणि मागच्या काचेच्या दाराकडे बोट दाखवून विचारलं, “इथे सेफ्टी डोअर का नाही बसवत?” गृहस्थ बराच वेळ विचारात पडले. सेफ्टी डोअरचे सुटे भाग मिळत नाहीत, ही त्यातली खरी अडचण होती.

पंप-अ‍ॅक्शनचं खरं दुखणं वेगळंच आहे. घाबरलेला माणूस मूठ पुरती मागे ओढत नाही आणि बंदूक अडकते. त्यावर इलाज एकच, सराव. तो खोक्यात घालून घरपोच मिळत नाही, म्हणून गृहस्थांच्या संग्रहात तेवढाच नाही.

तेव्हा असे गृहस्थ शेजारी लाभले तर बंदुकीचं तोंडभर कौतुक करा. शेवटचा बार कधी काढलात, हे विचारू नका. आणि अंधार पडल्यावर त्यांच्याकडे विरजण मागायला जायचं झालं, तर आधी फोन करा.