एका शब्दात दोन न

सुरतेच्या गोडादऱ्यात सकाळी दोनच चौकश्या कानावर पडतात: पाणी आलं का, आणि गॅसचा लंबर लागला का. लंबरच. शिरपूर, शिंदखेडा, अमळनेरकडून येऊन उधन्याला उतरलेली आमची माणसं रेशनला लंबर लावतात, लूमला लंबर देतात, मोबाईलचा लंबर घेतात. इंग्रजी शाळेत जाणारी पुतणी यावर फार कावते. "आप्पा, लंबर नाही हो, नंबर!" आप्पा मान डोलवतात. "तेच ना, लंबर."

मी आप्पांच्या बाजूचा. न आणि म दोघंही नाकातले. एका शब्दात दोघांची गर्दी झाली की जीभ पहिल्याला वेश पालटून पाठवते. पंडित याला विषमीकरण म्हणतात, आणि ते अडाणीपणाचं लक्षण मुळीच नव्हे. नवनीताचं लोणी झालं, निंबाचा लिंब, दोन ल नकोत म्हणून लांगलाचा नांगर, तेव्हा कुणी छडी उगारली नाही. ललाटाचं तर निढळ झालं. बारा तास लूम चालवणाऱ्याला घाम येतो तो निढळाचाच, ललाटाचा येत नाही. पंजाबात तर सरकारदरबारीही लंबरदार असतात, तेही याच लंबराचे.

संस्कृत तरी कुठं सोवळी? 'धा' या धातूची द्विरुक्ती करायची तर 'धधाति' व्हायला हवं, होतं 'दधाति'. लागोपाठ दोन महाप्राण, म्हणजे ध-भसारखे जोराच्या श्वासाचे वर्ण, काढायला छाती लागते. पाणिनीने त्याचा नियम घालून दिला. पुढे १८६३ साली ग्रासमान नावाच्या जर्मन शाळामास्तराने संस्कृत आणि ग्रीक दोन्हींत हा प्रकार दाखवला, आणि जगभर नाव लागलं मास्तरांचं.

एवढं सगळं ऐकून पुतणी म्हणाली, "मग पेपरात लंबर लिहू?"

इथे पाणिनी कामाला येत नाही.

बरं, जिभेलाही काही धरबंध नाही. पोर्तुगीजांनी लिलावाचा शब्द आणला, त्यात दोन ल. हिंदीने पहिल्याचा न करून 'नीलाम' केला. नंबरावर रुसणारे आपण मराठी मात्र 'लिलाव' म्हणत दोन्ही ल बिनतक्रार नांदवतो. परवा गल्लीतल्या कारखान्याचे जुने लूम विकायला निघाले. गुजराती शेठ म्हणे लिलाम, उत्तर प्रदेशचा कारागीर म्हणे नीलाम, आप्पा म्हणे लिलाव. तिघांचं जुंपलेलं असताना भंगारवाल्याने काटा टेकवला आणि विचारलं, "किलोचा भाव बोला."